पंख्याचा आवाज मात्र एकदम सिंकमध्ये!

कोडमधली चूक एकदा दुरुस्त झाली की संपते. महिन्याभरानं ती कुणाला आठवतही नाही. पण ती दुरुस्त करताना जो तमाशा झालेला असतो, तो मात्र जागचा हलत नाही. साचतच जातो! आता तर आमच्यातलं कुणी लग्नाला गेलं, बारशाला गेलं, तरी जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, "ते दह्याचं सांगा की!" सांगून सांगून घसा बसला. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

आम्ही तिघं. मी शुभांगी, दिवसा कॉलेजात कम्प्युटर शिकवते. माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगितलेलं बरं. संग्राम एका फौंड्रीत मशिनींचे प्रोग्रॅम लिहितो. घरी म्हशी, आणि आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाशी बोलायला त्याला फोन लागत नाही. तिसरा मिलिंद, गडहिंग्लजचा, एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. बोलतो कमी, पण एकदा धरलं की सोडत नाही. संध्याकाळी आम्ही राजारामपुरीत, एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरच्या खोलीत जमायचो आणि एका ओपन सोर्स व्हिडिओ प्लेयरवर काम करायचो. म्हणजे सगळ्यांना फुकट, सगळ्यांना खुला. जगभरातली माणसं त्यावर आपापल्या घरून काम करतात. पगार कुणालाच नाही. डॉक्टर खोलीचं भाडं घेत नव्हते आणि वर चहा पाठवत होते.

काम काय, ते सांगते. व्हिडिओची फाईल दाबून दाबून लहान केलेली असते. बघताना ती उलगडावी लागते. कम्प्युटर जुना असला आणि त्याचा मुख्य प्रोसेसर हे काम करायला गेला, की तो धापा टाकतो. आणि गंमत म्हणजे त्याच कम्प्युटरात शेजारी एक चिप खास याच कामासाठी बसवलेली असते. नुसती बसून! जुन्या चिपांचं आणि आमच्या प्लेयरचं पटत नव्हतं. त्या चिपांना कामाला लावायचं, एवढंच आम्हाला करायचं होतं. एवढंच म्हणे!

आणि हे सगळं कुणासाठी, तर मिलिंदच्या बहिणीसाठी. वैशाली कर्णबधिर आहे आणि गडहिंग्लजकडच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. तिच्याकडं तीन वर्ग आणि ती एकटी. म्हणून तिनं आपले धडे खुणांच्या भाषेत फोनवर रेकॉर्ड केले. एक वर्ग व्हिडिओ बघणार, तोवर ती दुसऱ्याला शिकवणार. शाळेत कुणीतरी दिलेले जुने कम्प्युटर होते. त्यांवर व्हिडिओ अडकायचा. हात जितके भरभर हलतील तितका जास्त अडकायचा! तुमचा-माझा व्हिडिओ अडकला तर आवाज तरी येत राहतो. इथं हात अडकला की वाक्यच गेलं. मुलं कंटाळून बाकावर डोकी टेकायची.

हेडमास्तरांनी सांगून टाकलं होतं, "जूनपर्यंत चाललं तर ठीक. नाहीतर खोली मोकळी करा, तिथं तांदळाची पोती ठेवू." शाळेत इंटरनेटचा पत्ता नाही. मे महिन्यात एक माणूस येऊन सगळे कम्प्युटर वर्षाचे एकदाच लावून द्यायचा. म्हणजे त्याआधी प्लेयरची जी नवी आवृत्ती निघणार होती, तिच्यात आमची दुरुस्ती गेलीच पाहिजे.

मिलिंद म्हणाला, "घुसवायची. कसं बी करून."

*

सुरुवात रीतसर केली. प्लेयरच्या साइटवर तक्रार नोंदवली आणि सोबत वैशालीचा एक धडा जोडला, एसटीच्या वेळांचा.

दुसऱ्या दिवशी परदेशातून उत्तर आलं. ज्याच्या होकाराशिवाय या प्लेयरमध्ये एक ओळ आत जात नाही, त्या माणसाचं. त्याला आम्ही आपसात 'पाटील' म्हणतो. पाटलानं लिहिलं होतं, "फाईल चालवून पाहिली. मशीन मंद असलं की आपला प्लेयर आवाज सांभाळतो आणि चित्रं गाळतो. आवाज एकदम सिंकमध्ये आहे, जिथल्या तिथं. त्यामुळे हा बग, म्हणजे प्लेयरची चूक, नाही." आणि तक्रार बंद!

आता त्या फाईलमध्ये आवाज कसला होता? वर्गातल्या पंख्याचा! पंख्याची खरखर जराही मागंपुढं होत नव्हती, आणि बाईंचे हात मात्र गायब.

माझं डोकं सणकलं. मी खुर्ची ओढली आणि पाटलाच्या सात पिढ्यांची खबर घ्यायला बसले. दोन पानं झाली असतील, तेवढ्यात मिलिंदनं कीबोर्ड काढून घेतला, माझं सगळं पुसलं आणि एकच ओळ लिहिली: "बघणारी मुलं ऐकू शकत नाहीत."

तासाभरात तक्रार परत उघडली. पाटलानं खाली एकच शब्द लिहिला होता, "सॉरी."

संग्राम म्हणाला, "माणूस बरा हाय. नुसता पंख्यात अडकलता!"

*

त्या दिवशी नियम ठरला. पाटलाला रागाच्या भरात उत्तर द्यायचं नाही. ज्याचं डोकं तापेल त्यानं आधी दूध कट्ट्यावर जायचं, समोर पिळलेलं म्हशीचं दूध ग्लासभर प्यायचं आणि मग लिहायचं. नियम तिघांना सारखा, पण जायची मी एकटीच!

कारण पाटील भला असला तरी चिवट. "हा बदल दोन भागांत द्या." दिला. "चार भागांत द्या." दिला. "यातली नावं बदला." बदलली. "आधीची नावं बरी होती." त्या दिवशी मी दोन ग्लास प्यायले!

कट्ट्यावरचे मामा काळजीनं विचारायला लागले, "काय ताई, तब्येत बरी न्हाय व्हय? डॉक्टरनं सांगितलंय काय दूध?"

"डॉक्टरनं न्हाय मामा, पाटलानं."

"कुठल्या गावचा पाटील?"

"लई लांबचा हाय."

मामांनी ग्लासात आणखी एक धार मारली आणि म्हणाले, "लांबचा हाय तवर बरं हाय. जवळचा असता तर तुम्ही दुधावर भागवलं नसतं!"

*

चिप पहिल्यांदा कामाला लागली तो शनिवार होता. चित्र आलं! हात हलले! पण चित्राच्या तळाशी एक हिरवी पट्टी. ही चिप चित्र गठ्ठ्यागठ्ठ्यानं उलगडते, त्यामुळं खाली काही ओळी जादा येतात. त्या कापून टाकायच्या असतात.

संग्राम खोलीच्या या टोकाला कम्प्युटरपाशी, मी त्या टोकाला मोठ्या टीव्हीपाशी. उकाडा म्हणून खिडक्या सताड उघड्या.

"खालच्या बाजूला अजून हाय!" मी ओरडले.

"कापू काय?"

"काप!"

"किती कापू?"

"हिरवं दिसतंय तेवढं सगळं काप!"

"जरा चांगलं बी जाईल हं त्यात!"

"जाऊ दे! मागनं बघू!"

खाली दवाखान्यात एक पैलवान अक्कलदाढ काढून घ्यायला खुर्चीत बसला होता. तो उठला, गळ्याला बांधलेल्या कापडासकट बाहेर पडला आणि त्यानं बुलेटला किक मारली. डॉक्टर चिमटा हातात घेऊनच वर आले. म्हणाले, "तुमचं काय कापायचं ते दार लावून कापा. आखाड्यात कुणाला भीत नाही असा गडी, माझ्या दारातनं पळाला!"

हिरवी पट्टी गेली. पैलवानही गाल सुजवून परत आला. पण खुर्चीत बसायच्या आधी त्यानं डॉक्टरांना विचारलं म्हणे, "वरची मंडळी आज सुट्टीवर हायत न्हवं?"

*

मग रंगांची परीक्षा. संग्राम जोतिबाच्या यात्रेचा व्हिडिओ घेऊन आला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. उधळलेल्या गुलालाचा कण न् कण वेगळीकडं जातो. हे ज्या चिपेला उलगडलं, तिला वैशालीची बोटं काय जड आहेत?

व्हिडिओ लावला. कुठं अडकला नाही, कुठं फाटला नाही. पण गुलाल निळा! डोंगर निळा, सासनकाठ्या निळ्या, माणसं निळी. आम्ही रंगांचे दोन कप्पे उलटसुलट जोडले होते.

संग्रामनं दोन्ही हात कानांना लावले. "आईशप्पथ! देव माफ करणार न्हाय आपल्याला!"

मिलिंदनं चहाचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाला, "ह्यात बग कुठाय? आमच्या जयंतीचा व्हिडिओ हाय की हा!"

संग्राम खुर्चीवरून पडायचाच राहिला. मग म्हणाला, "असं व्हय? लाव तुझ्या जयंतीचा!" मिलिंदनं फोनमधला आपल्या गल्लीतल्या मिरवणुकीचा व्हिडिओ लावला. निळ्या गुलालाची मिरवणूक पडद्यावर आली ती लालभडक!

"आता बोल की!" संग्राम.

मिलिंदनं कप खाली ठेवला. "आता बग हाय. ताबडतोब दुरुस्त करा!"

ते दोन्ही व्हिडिओ अजून आमच्या चाचणीत आहेत. दोन्हींचे रंग बरोबर आले तरच पास.

*

आता ते दह्याचं.

थंडीचे दिवस होते. शाळेत होता तसलाच एक जुना कम्प्युटर आम्ही मिळवला होता आणि तो संग्रामच्या घरी ठेवला होता. त्यावर एसटीचा धडा सारखा फिरत राहायचा. मशीन तापायचं, कारण चिप मधेच काम सोडून द्यायची आणि सगळा भार परत प्रोसेसरवर पडायचा. वाईट म्हणजे प्लेयर हे कुणाला सांगायचा नाही. पडद्यावर आपलं 'चिप चालू आहे' असंच लिहून यायचं. थापाड्या!

संग्रामच्या आईला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण थंडीत विरजण लागत नाही म्हणून त्या माऊलीनं दह्याचं भांडं कम्प्युटरच्या त्या गरम डब्याला टेकवून ठेवायला सुरुवात केली होती. सकाळी दही कसं, तर सुरीनं कापावं असं!

एका सकाळी मला संग्रामचा फोन. फोन कसला, आरोळीच. "शुभाताई! दही लागलं न्हाय!"

मी म्हटलं, "मग मी काय करू? विकत आण की!"

"अवो दही लागलं न्हाय म्हंजे डबा गारंय! डबा गारंय म्हंजे चिपच काम करतीया!"

मागून आईंचा आवाज येत होता, "नाचतोस काय मेल्या, लिटरभर दूध वाया गेलं!"

आम्ही त्या दिवशी मिसळ खाल्ली, जादा कट घेऊन. आणि पुढच्याच आठवड्यात परत फोन. या वेळी आवाज पडलेला. "ताई, दही लागलं." आदल्या दिवशी मी कोडमध्ये एक छोटासा बदल केला होता. चिपेनं परत अंग काढून घेतलं होतं! पडद्यावर मात्र 'चिप चालू आहे'च.

बदल काढला. परत घातला, वेगळ्या तऱ्हेनं. आणि रोज सकाळी आम्ही तिघं एकच प्रश्न विचारायचो, "आई काय म्हणतात?" शेवटी आईच वैतागल्या. म्हणाल्या, "तुमचं मशीन सुधारलं असंल तर सांगा बाबांनो. मी भांडं चुलीपाशी नेते. रोज माझ्या दह्याकडं टक लावून बसू नका, नजर लागंल!"

*

आता एकच राहिलं होतं, पण ते जीव खाणारं होतं. हात भरभर हलले की एका हातावर दुसऱ्या हाताची सावली उमटायची. अडकणं थांबलं, पण खूण कळेना. पाटलानं सांगितलं, आवृत्ती निघायची वेळ जवळ आली आहे, हे सुटलं तर घेऊ, नाहीतर पुढच्या खेपेला. पुढची खेप म्हणजे तांदळाची पोती! वैशालीनं तर तेव्हा मिलिंदला खुणेनं सांगितलं होतं, "नाही झालं तरी चालेल. मी फळ्यावर शिकवीन." ते आम्हाला सांगून मिलिंद परत कोड उघडून बसला. मला भयंकर राग आला, पाटलाचा नाही, चिपेचा. त्या दिवशी दूधही कामाला आलं नाही.

अशात मिलिंदच्या चुलतभावाचं लग्न आलं. पंगत बसलेली. शेजारचे आजोबा अजून भात कालवत होते, तेवढ्यात वाढपी पोरांनी त्यांचं ताट उचललं आणि जागेवर दुसरा माणूस बसवला. मिलिंद घास हातात धरून बघतच राहिला. चिपेकडं चित्रं ठेवायला जागा मोजक्याच असतात. एक चित्र दाखवून झालं की त्याची जागा पुढच्याला. आणि आमचा कोड नेमका हेच करत होता, चित्र अजून पडद्यावर असताना त्याची जागा काढून घेत होता!

तो तसाच उठला, उष्ट्या हातानं, आणि हॉलच्या पायरीवर बसून डाव्या हातानं आम्हाला मेसेज लिहायला लागला.

आत हलकल्लोळ. "नवऱ्याचा भाऊ रुसला!" मुलीकडची मोठी माणसं टोपी, टॉवेल, नारळ घेऊन पायरीवर हजर. मुलीचे मामा हात जोडून म्हणाले, "काय कमी पडलं पावणं? मानपान ऱ्हायला काय? पदरात घ्या, पण ताटावरनं उठू नका."

मिलिंदनं मान वर केली नाही. त्यांनी त्याला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, तरी अंगठा चालूच. शेवटी मेसेज गेला, तेव्हा त्याला भोवतालची गर्दी दिसली. "बसतो की जेवायला," तो म्हणाला, "पण एक हाय. मी झालं म्हणेपर्यंत ताट उचलायचं न्हाय."

"शब्द दिला!" मामा म्हणाले.

आम्ही तोच नियम कोडमध्ये लिहिला. पडदा 'झालं' म्हणेपर्यंत जागा काढून घ्यायची नाही. सावली गेली. पाटलानं अगदी शेवटच्या दिवशी दुरुस्ती आत घेतली आणि खाली लिहिलं, "तुमच्या संयमाचं कौतुक वाटतं."

संग्राम माझ्याकडं बघत म्हणाला, "संयम कुठला! म्हशीचं दूध हाय ते!"

*

जूनमध्ये शाळा उघडली. वैशालीनं आम्हाला बोलावलं. संग्रामच्या गाडीतून गेलो. व्हिडिओ आपल्या खोलीत चालणं वेगळं आणि तिथं चालणं वेगळं. हेडमास्तर दारातच उभे होते, हाताची घडी घालून.

वर्ग कम्प्युटरसमोर बसला. वैशालीनं एसटीचा धडा लावला. तो आम्ही इतक्या वेळा पाहिला होता की मला तो मिटल्या डोळ्यांनी दिसायचा. सकाळी नऊची एसटी गडहिंग्लजहून सुटते आणि अकराला कोल्हापुरात येते, तर प्रवास किती तासांचा? व्हिडिओ सुरू झाला. हात स्वच्छ. बोटं स्वच्छ. एकही पोर बाकावर डोकं टेकेना! संग्रामनं माझा दंड असा दाबला की काळानिळा पडला असेल.

आणि उत्तराच्या जागी, जिथं तिची बोटं सगळ्यांत भरभर हलतात आणि जिथं हा धडा आजपर्यंत दर वेळी अडकत आला होता, तिथं पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं धाडकन बाक वाजवला. उठली, कम्प्युटरपाशी गेली, तिनं व्हिडिओ थांबवला आणि मागं घेतला. परत बघितला. परत थांबवला. मग वर्गाकडं वळून दोन्ही हातांनी भराभरा काहीतरी सांगायला लागली. सगळी पोरं उठून उभी!

हेडमास्तर एक पाऊल आत आले. "बिघडला काय?"

मी मिलिंदला धरून हलवलं. "काय म्हणतीया ती?"

"चुकलंय म्हणतीया."

"काय चुकलंय? रंग? सावली? हात अडकला काय परत?"

मिलिंद पडद्याकडं बघत होता. तोंड उघडं ते मिटेना. "न्हाय ताई. गणित."

पडद्यावर वैशालीची तीन बोटं थांबली होती. नऊ, दहा, अकरा. तीन बोटं, म्हणून तीन तास! आम्ही महिनोन् महिने त्या बोटांच्या कडा तपासत होतो. मोजली कुणीच नव्हती. मिलिंदला ही भाषा येते, त्यानंही नाही! ती मुलगी त्याच एसटीनं आत्याकडं जाते. ती बाईंना ठणकावून विचारत होती, नऊ ते अकरा दोनच तास होतात, तिसरा आणला कुठून?

वैशाली पडद्यासमोर गेली. स्वतःचा व्हिडिओ तिनं स्वतः मागं घेतला आणि पडद्यावरच्या वैशालीबरोबर बोटं मोजली. एकदा. दोनदा. मग कपाळावर हात मारला आणि अशी हसली, अशी हसली, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं त्या मुलीला जवळ ओढलं. हेडमास्तरांनी खिशातून खोलीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले.

मी लगबगीनं पुढं झाले. म्हटलं, धडा नव्यानं रेकॉर्ड करू, आम्ही कॅमेरा आणतो, आज संध्याकाळीच करू. वैशालीनं डोळे पुसले, आम्हा तिघांकडं वळली आणि हात हलवून काहीतरी सांगितलं. सगळा वर्ग खदखदून हसला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

मिलिंद म्हणाला, "ती म्हणतीया, हा बग माझा हाय. तुम्ही आता घरी जा."